पाणचक्की गल्लीचा आकडा

दार वाजलं तेव्हा सर्जेराव पोवार मोरीपाशी उभे होते. हातातल्या कपातला चहा गार झाला होता. तो त्यांनी ओतला, कप विसळून पालथा घातला आणि मग दार उघडलं.

दारात निळा कोट घातलेली एक बाई होती. वय पस्तिशीच्या आसपास, खांद्याला पिशवी, हातात टॅब. तिनं नाव सांगितलं, रेहाना शिकलगार. प्रभागाच्या आरोग्य केंद्रातून आली होती. आत येऊन खुर्चीवर बसली, घोटभर पाणी प्याली आणि जरा अवघडून म्हणाली, "आण्णा, तुमचं घर लाल आलंय."

लाल म्हणजे काय ते कोल्हापुरात आता शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सर्जेरावांनी कारण विचारलं.

"रोज सकाळी एक कप चहा मोरीत जातोय. कुणीच न प्यालेला."

आपली चहाडी कुणी केली असेल, हा विचार सर्जेरावांच्या मनात आधी आला. मग त्यांना जीभ आठवली.

गेल्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक घराच्या मोरीला आणि संडासाच्या नळीला रुपयाएवढी एक चकती बसवली होती. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. गल्लीनं तिला जीभ म्हणायला सुरुवात केली, कारण घरातून वाहून जाणाऱ्या प्रत्येक थेंबाची ती चव घेते. माणूस जे खातो-पितो, जी गोळी घेतो, ते शरीरात मोडतं आणि त्याचं दुसरंच काहीतरी होऊन बाहेर पडतं. ताप आला, साखर वाढली, झोप उडाली, काळजी लागली, की शरीर आपापले रस कमीजास्त करतं आणि तेही पाण्यातून बाहेर येतात. जीभ ते सगळं ओळखते. चहाचंही तसंच. प्यालेला चहा यकृतातून गेला की त्यातला मुख्य अर्क बदलतो. न पिता ओतलेल्या चहात तो मुळातला तसाच राहतो. त्यामुळे कुठला चहा माणसातून आला आणि कुठला थेट भांड्यातून, हे जिभेला वेगळं कळतं.

सगळ्या घरांचं मिळून गल्लीचा एक आकडा निघायचा. गल्लीतली माणसं किती निरोगी आहेत आणि किती बरी जगताहेत, याचा तो आकडा. गल्लीच्या तोंडाशी फलकावर तो दिसायचा आणि खाली घरांचे ठिपके, हिरवे, पिवळे, लाल. घर बंद असेल तर करडा. कुणाचंही नाव नसायचं. पण ज्या घरात एकच माणूस राहतो, तिथं नाव लिहायची गरज काय?

सर्जेरावांची बायको नंदा गेल्या श्रावणात गेली. सर्जेराव एसटीच्या वर्कशॉपात बसच्या गाद्या शिवायचे. पहाटेची पाळी असायची, म्हणून सकाळचा चहा लग्नापासून तेच करायचे. दोन कप. स्वतःचा पिऊन, तिचा बशीनं झाकून ठेवून कामावर जायचे. निवृत्त झाल्यावरही चहा त्यांच्याकडेच राहिला. ती गेल्यावर त्यांनी एका कपाचा करून पाहिला. कधी कडू झाला, कधी पांचट. शेवटी दोन कपांचाच करायला लागले. एक उरायचा. तो पिणं म्हणजे तिच्या वाटणीचं पिणं, असं काहीसं वाटायचं. गरम असताना ओतून टाकवत नसे. म्हणून गार होईपर्यंत थांबायचे.

यातलं त्यांनी रेहानाला एवढंच सांगितलं, "हात बसलाय दोन कपांचा."

तिनं टॅबवर काहीतरी नोंदवलं. म्हणाली, नुसता चहा असता तर पिवळ्यावर भागलं असतं. पण झोप नाही, सकाळी काळजीचा रस चढलेला असतो, जेवण अर्धवट. सगळं मिळून यंत्र असं धरतं, की या माणसाचं भान सुटत चाललंय. एकटं माणूस लागोपाठ दोन तिमाही लाल राहिलं, तर त्याला नातेवाइकाकडे पाठवायचं, नाहीतर सरकारी सोबतघरात ठेवायचं, असा नियम आहे. मुलाला तसा निरोप गेलेलाच आहे.

त्याच संध्याकाळी हैदराबादहून अभिजितचा फोन आला. पोरगा वाईट नव्हता. आवाजात काळजी होती. म्हणाला, "आबा, ही तिमाही बघू. नाहीच सुधारलं तर मी न्यायला येतो." घराचं काय, असं सर्जेरावांनी विचारलं. तो म्हणाला, "भाड्यानं देऊ की."

सर्जेरावांनी फोन ठेवला आणि घराकडे बघितलं. दोन खोल्या, मागं परसू. तेलाच्या डब्यात नंदानं लावलेला कढीपत्ता छपराला टेकला होता. उंबऱ्यात ती तांदूळ निवडत बसायची, तिथली फरशी घासून गुळगुळीत झाली होती. या घरात परकं माणूस चप्पल घालून फिरणार, हे काही त्यांच्या डोळ्यांपुढे येईना.

लाल घरी आठवड्यातून एकदा जायचं, असं रेहानाला बंधन होतं. ती मंगळवारी यायची. ठरलेले प्रश्न विचारायची. काल काय जेवलात, कितीला झोपलात, कुणाशी बोललात. पहिल्या वेळी सर्जेरावांनी भाजीवालीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "भाव करण्याला बोलणं धरत नाहीत, आण्णा." दोघंही हसले. नंतर प्रश्न पटकन उरकायचे आणि गप्पा चालायच्या. तिची सासू टीव्हीशी भांडायची. तिच्या स्कूटरची बॅटरी नेमकी चढावर मान टाकायची. रमजान लागला तेव्हा ती रोजा धरून उन्हातून आली आणि पंख्याखाली गप्प बसली. तिच्यासमोर पाणीसुद्धा प्यायला सर्जेरावांना ओशाळं वाटलं. ती म्हणाली, "तुम्ही प्या हो. नाहीतर ते पण लिहावं लागेल मला." सोमवारी रात्रीच ते सदरा इस्त्री करून ठेवायला लागले होते. हे मात्र त्यांनी तिला कळू दिलं नाही.

अशात उदय साळोखे आला. तालमीचा अध्यक्ष, पन्नाशीचा गडी, गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीत पुढे. डॉक्टर, नर्स, औषधं कुठं पाठवायची ते कळावं, म्हणून हा आकडा काढला होता. पण कोल्हापुरात दोन गल्ल्यांपुढे एक आकडा ठेवला, की त्याची मॅच होते. पाणचक्की गल्ली आणि शेजारची खांबे गल्ली यांचं फुटबॉलवरून तीन पिढ्यांचं वैर. आता ते फलकावर आलं होतं. रोज सकाळी दोन्हीकडची माणसं एकमेकांचा आकडा बघून यायची.

उदयनं आधी तब्येतीची चौकशी केली. मग मुद्द्यावर आला. सगळ्या गल्लीत एकच लाल ठिपका होता आणि तो आण्णांचा. सर्जेराव म्हणाले, त्याला मी काय करू? तेव्हा उदयनं खुर्ची जवळ ओढली आणि गल्लीचं गुपित सांगितलं. कुणाला ताप आला, पोट बिघडलं, रात्री झोप लागली नाही, की त्या माणसानं घरचा संडास वापरायचा नाही. बोळातून खांबे गल्लीच्या सार्वजनिक शौचालयात जायचं.

"म्हंजे आपलं दुखणं त्यांच्या खात्यावर," उदय म्हणाला. "त्यांना अजून पत्त्या न्हाई. डॉक्टर बदलून बघाल्यात."

सर्जेरावांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

"चहा तेवढा मागच्या भिंतीपलीकडं वता, आण्णा. हिरवं झालं की पोरगं कशाला न्यायला येतंय?"

या एका वाक्यानं सर्जेराव तयार झाले.

दुसऱ्या दिवशी ते गार चहाचा कप घेऊन परसात गेले. मागच्या भिंतीपलीकडे मोकळी जागा होती, घाणेरी आणि एरंड माजलेले. शेजारच्या परसात माळाकाकी सुतार झाकणाचं भांडं भिंतीवर टेकवून उभ्या होत्या. त्या नंदाच्या मैत्रीण. नवरा जाऊन वीसेक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सर्जेराव कप हातात घेऊन घुटमळले.

"माझ्याकडं काय बघालाय?" माळाकाकी म्हणाल्या. "तुमचं वता आणि जावा आत."

वाईट रात्र गेली की सर्जेरावही बोळातून जायला लागले. तिथं रांगेत पाणचक्कीचीच माणसं असायची. सगळी दुसरीकडे बघत उभी राहायची. सर्जेरावांचा ठिपका आधी पिवळा झाला, मग हिरवा.

ईद झाल्यावर रेहाना आली ती डब्यात शिरखुर्मा घेऊन. तिचा चेहरा फुलला होता. प्रभागातली तिच्या हातची बारा घरं लाल होती, त्यातलं हे पहिलं हिरवं झालेलं. ती म्हणाली, सासूलासुद्धा सांगितलं मी तुमचं. सर्जेरावांनी वाटीत शिरखुर्मा घेतला. खरं सांगावं असं अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की हैदराबाद. ते खाली बघून खात राहिले.

"पुढच्या मंगळवारी?" त्यांनी विचारलं.

"आता लाल घरांना जायचं, आण्णा. तुम्ही सुटलात." दारात ती थांबली. "पण इकडून जाताना येईन की."

ती काही आली नाही. तिची चूक नव्हती, तिला घरं खूप होती. मंगळवारी सर्जेराव सदरा घालून बसायचे, दुपार कलली की काढून ठेवायचे. घर लाल असताना अभिजित रोज फोन करायचा. हिरवं झाल्यावर तो निर्धास्त झाला. रविवारी करायला लागला, मग काही रविवार चुकले. सर्जेराव कधीकधी आवाज नीट आहे का ते बघायला मोठ्यानं खाकरायचे. गल्लीत सगळे भेटले की हात करायचे, "बरं हाय न्हवं?" म्हणायचे आणि पुढं जायचे. थांबून काय विचारणार? फलकावर दिसतच होतं.

तिमाही सरता सरता पाणचक्की गल्लीनं खांबे गल्लीला मागं टाकलं. तालमीपुढे मांडव पडला. हलगी कडाडली, फेटे बांधले. सगळ्यात जास्त सुधारलेलं घर म्हणून उदयनं सर्जेरावांच्या हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्जेरावांनी गर्दीत माळाकाकींना शोधलं. त्या दिसल्या नाहीत.

सकाळी भिंतीपाशीही त्या आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. अंग मोडून येतंय, असं त्या मागं म्हणाल्या होत्या. पुढे पुढे खांबे गल्लीपर्यंत चालणं होईना, म्हणून सगळं भांड्यातूनच भिंतीपलीकडे जात होतं. मोरीत पाण्याचा थेंब पडू द्यायच्या नाहीत. सर्जेराव फलकापाशी गेले. काकींचा ठिपका करडा होता. घर बंद.

ते परत आले, काकींचं दार वाजवलं, हाका मारल्या. मग खांद्यानं ढकललं. जुनी कडी निसटली. माळाकाकी चुलवणापाशी आडव्या पडल्या होत्या. ओठ सुकून फुटले होते. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. सर्जेराव ओरडत बाहेर आले. उदयनं गाडी काढली. कट्ट्यावर बसलेल्या दोघांनी काकींना उचलून आत ठेवलं.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी घराची नोंद उघडली. हल्ली रोग्याला विचारायच्या आधी तीच बघायची पद्धत होती. त्या म्हणाल्या, घर तर पंधरवडाभर बंद आहे. कुठं होत्या या?

उदय पटकन म्हणाला, "कागलला. पावण्यांकडं."

बाईंनी ते लिहून घेतलं. कागलकडे कसली साथ आहे का ते बघायला नर्सला सांगितलं. उदयनं सर्जेरावांकडे पाहिलं. त्या नजरेत दमदाटी नव्हती. उलट विनवणी होती. गल्लीचा आकडा होता, परवाचे फेटे होते. आणि सर्जेरावांचं घर होतं. गप्प राहिले असते तर कढीपत्ता, उंबरा, सगळं जागच्या जागी राहणार होतं.

"त्या कुठं गेल्या न्हवत्या," सर्जेराव म्हणाले.

मग त्यांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. काकी किती दिवसांपासून भिंतीपाशी येत होत्या ते सांगितलं. भांड्यातलं पाणी आधी पिवळं होतं, नंतर काढ्यासारखं काळपट झालं आणि शेवटी शेवटी अगदी थोडं असायचं, तेही सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी कागल खोडलं आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या लिहिल्या. "हे दोन दिवसांनी कळलं असतं तर उपयोग नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या.

निरोप मिळाल्यावर रेहाना धावत आली. तिलाही सर्जेरावांनी सांगितलं. चहाचं, बोळाचं, सगळं.

ती बाकावर बसली. बराच वेळ टॅब तिनं उघडलाच नाही. "शिरखुर्मा आणला तेव्हाच सांगायचं होतं, आण्णा."

"तू यायची थांबशील हे मला ठाऊक न्हवतं," सर्जेराव म्हणाले. "हैदराबादचं तेवढं भ्या होतं."

नोंद दुरुस्त करणं तिला भाग होतं. तिनं ती केली.

पाणचक्की गल्लीचा आकडा खांबे गल्लीच्याही खाली आला. खांबे गल्लीवाले गल्लीच्या तोंडाशी येऊन अर्धा तास हलगी वाजवून गेले. उदय सर्जेरावांशी बोलायचा बंद झाला. सर्जेराव आल्याचं बघून कट्ट्यावरची माणसं विषय बदलायची. सर्जेरावांचं घर मागच्या तारखेपासून लाल धरलं गेलं, म्हणजे दोन्ही तिमाही भरल्या. माळाकाकी इस्पितळातून घरी यायच्या आतच अभिजित येऊन वडिलांना घेऊन गेला.

हैदराबादला फ्लॅट चौदाव्या मजल्यावर होता. सर्जेरावांना स्वतंत्र खोली होती. सून चांगली होती, औषधाच्या वेळा सांभाळायची. नात शाळेतून क्लासला आणि क्लासमधून खोलीत जायची. तिचं मराठी चार वाक्यांत संपायचं. जेवण ज्याच्या त्याच्या वेळेनं. बाईनं स्वयंपाक करून ठेवलेला असायचा, वाटेल तेव्हा गरम करून घ्यायचं. सर्जेराव खाली बाकावर जाऊन बसायचे आणि लिफ्टनं परत यायचे. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण फक्त लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाचं ऐकलंय. ती मजला सांगत होती.

झोप कोल्हापूरपेक्षा वाईट होती. जेवण तसंच अर्धवट. इथं बोळ नव्हता, भिंत नव्हती, काही लपवलेलं नव्हतं. जीभ इथंही होती. सर्जेराव वाट बघत होते, की कधीतरी दार वाजेल.

एका संध्याकाळी लॉबीत अभिजितनं त्यांना फलक दाखवला. बघा आबा, आपला फ्लॅट. ठिपका हिरवागार होता.

"यात माझं कुठलं?" सर्जेरावांनी विचारलं.

तो समजावायला लागला. एका घराची एकच नळी, चौघांचं पाणी एकत्र, त्यातून सरासरी निघते. तिघं ठणठणीत असले की घर हिरवं. एकेकाचं वेगळं दिसत नाही, आणि ते बरंच आहे, आपलं खासगी खासगी राहतं.

सर्जेराव फलकासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "मला कोल्हापूरला सोड."

अभिजितला वाटलं ते चिडलेत. वर आल्यावर त्यानं सुनेलाही बोलावलं. काय कमी पडलं, असं दोघांनी विचारलं. काही कमी पडलं नाही, असं सर्जेरावांनी सांगितलं आणि ते खरंच होतं.

"आबा, तिकडं गेलात की परत लाल येणार तुमचं."

"येऊ दे की."

"एकट्यानं लाल राहणं म्हणजे काय ते कळतंय का तुम्हाला?"

"तिथं लाल आलं की कुणीतरी विचारायला येतं, बाळा. इथं मी लाल हाय हे तुला तरी कुठं कळलं?"

सून उठून आत गेली. अभिजितनं फोन उघडला आणि लाल माणसाला एकटं राहू द्यायला नातेवाइकाची जी संमती लागते ती दिली. रडला नाही, पण नाक ओढलं. रेल्वेचं तिकीटही त्यानंच काढलं.

जायच्या दिवशी नात शाळेला निघून गेली होती. सुनेनं प्रवासाचा डबा दिला, पाया पडली. खाली गाडी यायला वेळ होता, म्हणून अभिजित बॅग घेऊन दाराबाहेर थांबला आणि सर्जेराव लॉबीत उभे राहिले. फलकावर सकाळचा नवा आकडा लागला होता.

त्या घरातून एक माणूस निघालं होतं. ठिपका कालच्याइतकाच हिरवा होता.